देवणीची कुंडली

रुमालाखाली ज्ञानोबा दलालाची बोटं दोनदा दाबून झाली होती, सौदा जुळायच्या बेतात होता, आणि तेवढ्यात भोकरच्या शिवशंकर व्यापाऱ्याने हात बाहेर काढला. हाळीच्या जनावरांच्या बाजारात असा मधूनच कोणी हात काढत नाही. भाव रुमालाखाली व्हायचा आणि शेजारी उभ्या माणसाने तिकडे बघायचंसुद्धा नाही, ही इथली रीत.

शिवशंकरने मोबाइल काढला आणि गाईच्या गळ्यातल्या पट्ट्यावर छापलेल्या चौकोनासमोर धरला. गाईची मालकीण उमाबाई दावं धरून उभी होती. तिला वाटलं, फोटो काढतोय. काढेना का, देवणी गाय होतीच तशी देखणी.

पट्टा गावातल्या दूध संकलन केंद्राने बसवला होता, तोही फुकट. गाय रवंथ किती करते, माजावर कधी येते, सगळं म्हणे कंपनीला बसल्या जागी कळतं. त्यासाठी उमाबाईच्या मोबाइलमध्येही एक ॲप घातलं होतं. केंद्रातल्या साहेबाने 'सहमत' लिहिलेल्या जागी तिचा अंगठा टेकवून घेतला. कशाला सहमत, हे तिने विचारलं नाही, आणि साहेबाला तरी ते ठाऊक असेल असं वाटत नाही.

"निघाली बगा कुंडली," शिवशंकर म्हणाला. ॲपात नावच तसं होतं, पशुकुंडली. माणूस मनाने वाईट नव्हता, पण समोर आलेलं मोठ्याने वाचायची त्याला खोड होती. श्रावणात गाईने दोन दिवस चारा सोडला होता, भरवल्यावर गाभ न धरता एकदा उलटली होती, असं एकेक वाचत तो खाली सरकला आणि हसला.

"अक्का, मागच्या महिन्यात चार दिवस धारेची वेळ चुकली. आन् तुमचा मोबाइल लातूरला, बायकांच्या दवाखान्यात. घरात अडचण हाय म्हणून गाय इकून राहिलात व्हय? मग भाव खाली येतो."

उमाबाईची कानशिलं तापली. तिच्या लेकीचं, मंजुश्रीचं, पाचव्या महिन्यात गेलं होतं. शेजारपाजारी उमाबाईने भावाकडे जाते म्हणून सांगितलं होतं. पोर अजून अंथरुणावर होती, तिचं करता करता दोन गाई होईनात म्हणून एक बाजारात आणली, एवढीच काय ती गोष्ट. आणि आता भोवती दहाजण उभे होते, त्यातले दोघे तिच्याच गावचे. दोघेही तिच्याकडे बघत होते.

लाज तिला क्षणभरच वाटली. मग राग आला, आणि तो आला तो गेलाच नाही.

हे तुझ्याकडे कसं आलं, म्हणून तिने शिवशंकरला विचारलं. त्याने सरळ सांगितलं, नोंदणी केलेल्या सगळ्या व्यापाऱ्यांना दिसतं, तुम्हीच सहमती दिली आहे. ती ज्ञानोबाकडे वळली आणि पट्टा काढ म्हणाली. ज्ञानोबाने मान हलवली. पट्ट्याला कुलूप होतं. ते कंपनीने पाठवलेल्या नंबरानेच उघडायचं, आणि तो नंबर गाय विकल्यावर नव्या मालकाला मिळायचा. तोडला, तर घरच्या दुसऱ्या गाईचं दूध केंद्र उद्यापासून घेणार नाही, आणि गावात दुसरं केंद्र नाही.

"गाय कुणाची?" उमाबाईने विचारलं.

"तुमचीच की."

"मंग कुलूप कुणाचं?"

उमाबाईने पलीकडच्या वैरणवाल्याचा विळा मागून घेतला आणि पट्ट्याखाली बोटं घातली. गाईला वाटलं, मान खाजवतेय. तिने गळा आणखी ताणून दिला. पट्टा चिवट होता, आत तार होती. विळा दोनदा घसरला, उमाबाईचं बोट कापलं, तरी ती थांबली नाही. शेवटी तार तुटली आणि पट्टा शेणात पडला.

उद्यापासून दूध कुठं घालणार, असं गावच्या दोघांतल्या एकाने विचारलं.

"तूप कढवीन. न्हाईतर लेकीला पाजीन. लई अशक्त झालीय," ती म्हणाली. त्याने नजर खाली घातली.

शिवशंकरच्या मोबाइलवर लाल अक्षरं उमटली होती, 'जनावर मृत? खात्री करा.' ते त्याने सवयीने मोठ्याने वाचलं. मेलेली गाय तेव्हा वैरणवाल्याची पेंढी ओढून खात होती. सगळे हसले, शिवशंकरही हसला, पण पुढे काय वाचायचं ते त्याला सापडेना. त्याने पुन्हा दोनदा बोट फिरवलं आणि मोबाइल खिशात टाकला.

मग तो गाईभोवती फिरला. खालचा ओठ ओढून दात बघितले, खाली बसून कास चाचपली, पाठीवरून हात फिरवला. हे सगळं त्याला येत होतं, बापाने शिकवलेलं, फक्त बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं. हात झटकत तो उमाबाईसमोर येऊन उभा राहिला. आवाज बराच खाली आला होता.

"अक्का, गाय कशी हाय?"

"आता इचारलंत, आता सांगते," उमाबाई म्हणाली. कापलेलं बोट तिने पदरात घट्ट धरलं होतं. "श्रावणात दोन दिस चारा सोडला व्हता, खरं हाय. एकदा उलटली, त्येबी खरं. अनोळखी माणूस धारेला बसला तर डाव्या पायानं लाथ मारती, ते तुमच्या कुंडलीत न्हाई. गाईचं काय बी इचारा, समदं सांगते. घरातलं न्हाई सांगणार."