छताला कोटाची बटणं

"या गाडीतून माहेरी जायची लाज वाटते," असं म्हणून शिंप्याच्या बायकोनं अखेर जुन्या गाडीला गिऱ्हाईक आणलं. शिंपी तोंड पाडून बाजूला उभा राहिला. गाडीतली झिजलेली कुठलीच गोष्ट त्यानं कधी मेकॅनिकला दाखवली नव्हती. छताचं लोंबणारं कापड कोटाच्या बटणांनी टाचलेलं, गिअरभोवतीच्या फाटक्या रबराजागी शर्टाची बाही चढवलेली, सीटच्या भोकावर पँटचा खिसा शिवलेला. गिऱ्हाईक बाही चिमटीत धरून फिदीफिदी हसलं. "वहिनी, ही गाडी आहे की कोट? हे सगळं उसवून फेकावं लागेल." बायकोचा चेहरा पालटला. दहा वर्षं तीही हेच म्हणत होती, पण ती घरची होती. तिनं त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली. "कोटच आहे, पण तुमच्या मापाचा नाही." मग नवऱ्याकडे वळली. "अहो, हसताय काय? सुईदोरा आणा, मागची सीट उसवलीय."