नजर कापडावर

"आणि हा साहेब आला," असे म्हणत मावशीने हनुवटीखाली मूठ धरली, पोट पुढे काढले, आणि पहिलीतल्या पोरांपासून काठी टेकत आलेल्या आजोबांपर्यंत सगळा वर्ग खदखदून हसला.

गिरणीच्या ज्या दालनात पूर्वी माग चालत, तिथेच आता शहराच्या इतिहासाचे संग्रहालय होते आणि दर महिन्याला सर्व वयोगटांसाठी असा वर्ग भरे. मागांच्या खडखडाटात बोललेले ऐकू येणे अशक्य. म्हणून विणकर बायकांनी हाताच्या खुणांची भाषा केली होती. ती शिकवायला आता मावशीच तेवढी उरली होती.

वर्ग चालवणारी तिची भाची भौतिकशास्त्र शिकलेली. तिची आई इथेच, मागाच्या पट्ट्यात सापडून गेली, तेव्हा ती रांगत होती. मावशीने तिला वाढवले. "मी शेजारच्याच मागावर होते, पण मला काही दिसलं नाही," एवढेच मावशी आजवर सांगत आली होती. मागांचे बोल्ट जमिनीत अजून शाबूत होते. भाचीने मधले अंतर टेपने मोजले होते आणि मावशी खोटे बोलते, या निष्कर्षाला ती केव्हाच पोचली होती. तो तिने कधी उच्चारला नव्हता, इतकेच.

"आजी, भांडणाची खूण दाखवा ना!" एक मुलगी म्हणाली.

"त्याला खूण कशाला लागते? तोंडाकडे बघितलं की कळतं."

"मग सगळ्यात वाईट खूण?"

मावशीचे हसू मावळले. तिने दोन्ही तळवे घोड्याच्या झापडांसारखे डोळ्यांच्या कडांना लावले आणि मान खाली घातली.

"नजर कापडावर. म्हणजे कुणीतरी पट्ट्यात सापडलंय. बघायचं नाही, माग थांबवायचा नाही. थांबवला की दुसऱ्या दिवसापासून काम बंद. शेजारणीनं खूण केली की आपण करायची, पुढे पाठवायची."

"मग कोण सापडलं, ते कसं कळायचं?"

"भोंगा झाल्यावर. जी बाहेर आली नाही, ती."

आजोबांनी घसा खाकरला. पोरांनी मात्र हौसेने तळवे लावले आणि खूण पुढे पाठवली. रांगेच्या टोकापर्यंत एकेक मान खाली जात गेली. भाची पाहत राहिली. तिने मोजलेले अंतर अचूक होते. एवढ्या अंतरावर माणूस वळून बघतोच, हे गृहीतक मात्र तिने तपासले नव्हते.

"मावशी," ती भर वर्गात म्हणाली, आणि तो आवाज वर्ग घेणाऱ्या बाईंचा नव्हता, "त्या दिवशी तुला ती खूण कुणी केली?"

"तुझ्या आईनं."

मावशीने दोन्ही तळवे पुन्हा डोळ्यांच्या कडांना लावले.

"म्हणून तर मी निर्धास्त होते गं. तीच खूण करतेय म्हणजे ती ठीक आहे, पलीकडचं कुणीतरी असेल. मी पुढे पाठवली." मावशीने उजवा तळवा खाली घेतला, डावा डोळ्याशी तसाच राहिला. "एकाच हातानं केली होती. मला वाटलं, दुसऱ्या हातात धागा धरला असेल."