न दिसणारा उतार

अच्युतरावांना या सायकलफेरीतून एकच गोष्ट मिळवायची होती, ती म्हणजे गावातलं स्वतःचं घर. मुलाने अटच घातली होती: दरीतल्या जुन्या रेल्वेच्या वाटेने पुलापर्यंत सायकलवरून न उतरता जाऊन परत आलात, तर गावी खुशाल राहा. नाहीतर दोघांनी माझ्याकडे पुण्याला यायचं.

वाटेवरचे रूळ कधीच उचललेले. दोन्हीकडे कातळ, खाली नदी, मध्ये विरळ धुकं आणि त्यातून सायकल आपोआप वाहत चाललेली. बोगद्यातून बाहेर पडताना अच्युतराव पंचविशीतल्यासारखे शीळ घालू लागले.

"बघ मालू, गुडघा कुरकुरतसुद्धा नाही."

"अहो, आगगाडीची वाट ही," मागच्या सायकलवरून मालतीबाई म्हणाल्या. "उतार असतो, फक्त दिसत नाही."

"तुला माझं कौतुक म्हणून नाहीच."

पुलावरून वळले आणि तोच उतार चढ झाला. थोड्याच वेळात अच्युतरावांचा गुडघा धरला. मग ते लंगडत पुढे आणि दोन हातांनी दोन सायकली ढकलत मालतीबाई मागे, असे दोघे वर आले. वर वाट बघत थांबलेला मुलगा दिसायच्या आधी, शेवटच्या वळणाआड, त्यांनी नवऱ्याला पुन्हा सायकलवर बसवून दिलं.

"खरं सांग आई, बाबांनी सगळी चालवली?"

त्याच्या कडेवरची नात आजीकडे झेपावली. पुण्याला गेलो की हिला रोज आपण न्हाऊ घालायचं, हे मालतीबाईंनी कधीचं मनात धरलं होतं. त्यांनी तिला घट्ट धरलं.

"कुठेही उतरले नाहीत हो," त्या म्हणाल्या.

घर अच्युतरावांचं राहिलं. किंमत मालतीबाईंनी मोजली.