काचेपलीकडची फुली

"मावशी, माइक थोडा जवळ घ्या ना," कुश म्हणाला.

"मावशी काय रे? तीस वर्षांची आहे मी."

"सॉरी, ताई."

अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावातल्या विद्यार्थ्यांच्या रेडिओचा स्टुडिओ एवढासाच होता. कुश, त्याच्याबरोबर कार्यक्रम करणारी अनिका, दुभाषी म्हणून आलेली आसावरी आणि पाहुणा असे चौघे टेबलाभोवती बसले की दार नीट उघडत नसे. पाहुणा म्हणजे इत्सुकी. वय चोवीस. बाराव्या वर्षापासून जपानी मालिकांत, सतराव्यापासून गाणी, आणि आता अमेरिकेतला पहिला दौरा. काचेपलीकडे, रेकॉर्डिंगच्या खोलीत, त्याच्या मॅनेजर होरिएबाई कानाला हेडफोन लावून ताठ बसल्या होत्या.

त्यांनी आसावरीला गाडीतच सगळं समजावलं होतं. नव्या मालिकेबद्दल भरपूर बोलू द्या. मैत्रीण, लग्न, घर असलं काही विचारलं तर तो हसेल, तुम्हीही हसा. चाहत्यांसाठी तो एकटा आहे, आणि तसाच राहिला तर त्याला काम राहील. हे त्या इतक्या नम्रपणे बोलल्या की पुण्यात जपानी शिकलेल्या आसावरीला लगेच कळलं, इथे वाटाघाटीला जागा नाही.

मुलाखत शुक्रवारी ऐकवणार होते. इत्सुकीचा आवाज अगदी बारीक करून वर आसावरीचा इंग्रजी आवाज लावायचा, असं ठरलं होतं. ती जे बोलेल तेच लोकांना ऐकू जाणार.

अर्ध्यात कुशचा लॅपटॉप अडकला. माइक बंद करून तो आणि अनिका त्याच्याशी झटापट करू लागले. इत्सुकीचं लक्ष आसावरीच्या ब्लेझरच्या खांद्याकडे गेलं. तिथे दुधाचा वाळलेला डाग होता.

"किती महिन्यांचं?" त्याने जपानीत विचारलं.

"नऊ. मुलगा. शेजारच्या रेखाकाकूंकडे ठेवून आलेय."

"बाटली घेतो?"

"काकूंकडून घेतो. माझ्याकडून नाही घेत."

त्याने गंभीरपणे मान हलवली. "निपल आधी कोमट पाण्यात धरून बघा. गार लागलं की जिभेने ढकलतात."

आसावरी बघतच राहिली. त्याच्या माहितीपत्रकात आवडी म्हणून सायकल आणि कॉफी एवढंच लिहिलं होतं. हे याला कुणी शिकवलं? बहिणीचं मूल असेल? की एखाद्या मालिकेत बाप झाला होता?

"ओके, वी आर बॅक," कुश म्हणाला. दिवा लाल झाला.

अनिकाने इंग्रजीत पुढचा प्रश्न विचारला. "तुमच्या गाण्याचा सगळ्यात कडक क्रिटिक कोण?"

आसावरीने तो जपानीत सांगितला. इत्सुकीने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"माझी मुलगी," तो जपानीत म्हणाला. "सात महिन्यांची आहे. मी गायला लागलो की रडते. थांबलो की थांबते."

काचेपलीकडे होरिएबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी दोन्ही हात छातीपुढे एकमेकांवर तिरके धरून मोठी फुली केली. जपानात दुकानदारापासून पोलिसापर्यंत सगळे 'नाही' म्हणायला करतात, तशी. आणि ती फुली त्यांनी तशीच धरून ठेवली.

कुश आणि अनिका आधीच हसऱ्या चेहऱ्याने थांबले होते. काहीतरी मजेशीर आहे, एवढंच त्यांना कळलं होतं.

आसावरीने वहीत टिपलेलं पाहिलं. मुलगी, सात, रडते. 'माझी आई' म्हटलं असतं तरी भागलं असतं. मुलाखत छान झाली असती, दौऱ्यातलं पुढचं शिकागो आणि अटलांटाचं कामही तिलाच मिळालं असतं. आणि ती सात महिन्यांची पोर जगाच्या लेखी होती तशी, नसलेलीच राहिली असती.

"चुकून बोललात का?" तिने हळूच जपानीत विचारलं. दुभाष्याने असलं काही विचारायचं नसतं.

"नाही. आरशासमोर खूपदा बोललोय. माणसांसमोर पहिल्यांदाच."

"बाई नको म्हणतायत."

"म्हणणारच." त्याने काचेकडे पाहिलंही नाही. "दर रविवारी येतात तिच्याशी खेळायला. तरी म्हणणारच."

"एकदा सांगितलं की मागे घेता येणार नाही. तुमचं काम..."

"मघाशी तुम्ही मला 'नऊ, मुलगा' असं एका दमात सांगितलंत," तो म्हणाला. "मला तसं सांगता यायला हवंय."

"ताई, सगळं ओके ना?" कुशने विचारलं.

आसावरीने खुर्ची वळवली. काच तिच्या पाठीशी गेली. तिने माइक ओढून घेतला आणि दुभाष्यांच्या रिवाजाप्रमाणे, त्याच्या जागी स्वतः बोलल्यासारखं, इंग्रजीत सांगितलं. माझी मुलगी. सात महिन्यांची आहे. मी गायला लागलो की रडते. थांबलो की थांबते.

मागे काचेवर टकटक झाली, दोनदा. मग थांबली.

"वेट," अनिका कुशला म्हणाली, "ही हॅज अ बेबी?" प्रश्नांचा कागद तिच्या हातातच राहिला. ती इत्सुकीकडे झुकली. "व्हॉट्स हर नेम?"

याचं भाषांतर करायची वेळच आली नाही.

"कोहारू," तो म्हणाला.

"कोहरू," कुश म्हणाला.

"को, हा, रू." इत्सुकीने टेबलावर बोटाने तीनदा ठोकून दाखवलं. कुशने ठोकून म्हटलं. अनिकाने म्हटलं. मग कुणी सांगितलं नसताना आसावरीनेही म्हटलं.

इत्सुकीने डोळे मिटले.

"वन मोर," तो म्हणाला.