हात दिसले पाहिजेत

“लहान करून द्या म्हणालात, लहान करून दिली. स्वच्छ हवी म्हणालात, स्वच्छ दिली. आता आणखी काय राहिलं?” एडिटरबाईंनी खुर्ची न वळवताच विचारलं.

दारात एक तरुण मुलगी आणि तिची आई उभी होती. फाइल परत घेऊन येणारं गिऱ्हाईक बाईंना नवं नव्हतं. सकाळपासून एका लग्नाच्या फिल्ममागे मान मोडून बसल्या होत्या. नवरदेवाच्या मामांना त्यात आणखी थोडं बारीक दिसायचं होतं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं, आणि त्यात ही जेमतेम दोन-तीन मिनिटांची क्लिप.

मुलीने पाठवलेल्या मूळ क्लिपची फाइल मात्र भलीमोठी होती. आई खिडकीपाशी बसून हातांच्या खुणांनी बोलते आहे, एवढंच तीत होतं. आईला ऐकू येत नाही, दादालाही नाही. दादा लांब डोंगरात धरणाच्या कामावर वेल्डर आहे, तिथे रेंज नावापुरती, व्हिडिओ कॉल टिकत नाही, मोठी फाइल उतरत नाही, असं मुलीने आधीच कळवलं होतं. एडिटरबाईंनी सवयीने करायचं ते केलं. चेहरा उजळला. चित्राचा आकार मोठाच ठेवला, कारण तो कमी केला की गिऱ्हाईक कुरकुरतं. फाइलचं वजन उतरवायला मधल्या मधल्या फ्रेम, म्हणजे हालचालीची सुटी चित्रं, गाळल्या. क्लिपला आवाज म्हणून काही नव्हताच, तेव्हा मागे हलकंसं संगीतही टाकलं. आपल्याकडून तेवढंच.

“चेहरा छान आलाय, मॅडम,” मुलगी म्हणाली. “पण हात तुटतात.”

“कुठे तुटतात? दोन्ही हात दिसतायत की.”

मुलीने आईला खूण केली. आई पुढे आली. तिने हात बाहेरून छातीकडे ओढला. मग तोच छातीपासून बाहेर लोटला.

“हे ‘ये’, आणि हे ‘जा’,” मुलगी म्हणाली. “तुमच्या फाइलमध्ये हात वर दिसतो, आणि एकदम खाली. कुठून कुठे गेला ते कळतच नाही. दादाने काल पाहिली. त्याला वाटलं, ती जा म्हणतेय.”

“असं कसं वाटेल? सख्खी आई...”

“आधी म्हणाली होती ना.” मुलीचा आवाज खाली आला. “त्याने मनासारखं लग्न केलं तेव्हा. वहिनी तिकडेच असते त्याच्याबरोबर, तिचं तोंडही अजून पाहिलेलं नाही आईने. आता इतक्या दिवसांनी स्वतःहून बोलायला बसली, तर त्याचं उत्तर आलं, बरं, नाही येत.”

“मग तू लिहून कळव ना त्याला.”

“कळवलं. तो म्हणतो, तू नेहमीच मधे पडून गोड करून सांगतेस. आईच्या हातांनी म्हणू दे.”

एडिटरबाईंनी खुर्ची वळवली. आईकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. आई त्यांच्याकडे नाही, पडद्याकडे बघत होती. तिथे मामा अर्धवट बारीक होऊन थांबले होते.

“बसा,” बाई म्हणाल्या, आणि मामांना बाजूला सारलं.

सगळ्यात आधी त्यांनी संगीत काढून टाकलं. गाळलेल्या फ्रेम सगळ्या परत आणल्या. त्याबरोबर फाइल फुगली. मग चित्राचा आकार कमी केला. क्लिपमध्ये आईच्या मागे वाऱ्याने हलणारा खिडकीचा पडदा होता. त्याची प्रत्येक सळसळ फुकटचं वजन खात होती. तो जागच्या जागी गोठवला. कडेकडेचं कापत कापत नेमक्या कोपरांपर्यंत आल्या. एवढं करूनही फाइल डोंगर चढेल इतकी हलकी होईना.

“अजून दाबली तर चेहरा पुसट होईल,” बाईंनी सांगितलं. “नाकडोळे धड दिसणार नाहीत.”

मुलीने ते आईला सांगितलं. आईने माशी वारावी तसा हात उडवला.

“चेहरा पाठ आहे म्हणतेय त्याला.”

कुठल्याही फोनवर उघडते ती साधी एमपीफोर फाइल काढली. एडिटरबाईंनी ती लावून पाहिली. पडद्यावर चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड होता. पण हात बाहेरून निघाला, हवेतून आत आला आणि छातीवर टेकला. बाईंना त्या भाषेचं ओ की ठो कळत नव्हतं. एवढं मात्र कळलं.

फाइल गेली. मुलगी फोनकडे डोळे लावून बसली. एडिटरबाईंनी मामांना पुन्हा समोर घेतलं खरं, पण हात चालेना. चहा मागवला, तो निवून गेला.

शेवटी फोन थरथरला. उलट क्लिप आली होती, इवलीशी, अंधारी. मुलगा कॉटवर बसून दोन्ही हातांनी भराभर काही सांगत होता. आई फोन नाकाशी धरून बघत राहिली आणि एकाएकी तिचे खांदे हसण्याने गदगदले.

“काय म्हणतो?” बाईंनी विचारलं.

“म्हणतो, हळू बोल. भांडताना बोलायचीस तशीच घाई करतेस अजून.”

“आणि येतोय का?”

“सुट्टी मागतो म्हणाला.”

आईने क्लिप पुन्हा लावली, मधेच थांबवली आणि फोन एडिटरबाईंपुढे धरला. तिचं बोट मुलावर नव्हतं. चित्राच्या कोपऱ्यात कुणाचातरी अंगठा आला होता. नखावरचा लाल रंग अर्धा उडालेला. मुलाचे दोन्ही हात बोलण्यात होते, म्हणजे फोन दुसऱ्या कुणीतरी धरला होता.

“हे एवढंच मोठं करून हवंय तिला,” मुलगी म्हणाली.

“मोठं केलं तर फुटेल गं, सांग त्यांना. नुसते चौकोन दिसतील.”

मुलीने सांगितलं. आईने अंगठ्यावरून नजर न काढता उत्तर दिलं.

“फुटू दे म्हणतेय.”