मोकळा कान

“संख्याशास्त्राचं एम.एस्सी., तेही ऑनलाइन? एवढे मार्क काय चुलीत घालायचेत?” मावशीने नाक मुरडलं होतं. पण विद्यापीठ परगावी, आई दिवसभर नोकरीवर, आणि लकव्याने वाचा गेलेले बाबा काही हवं असलं की उशाजवळची घंटा वाजवायचे. ती तिकडे कुठून ऐकू येणार? “मला हॉस्टेलचं जेवण सोसणार नाही,” लेकीने बाबांना थाप मारली. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. प्रवेश झाला, वर्ग सुरू व्हायच्या आत बाबा गेले. पहिल्या तासाला तिने हेडफोन चढवला, सवयीने डावा कान मोकळा ठेवून. प्रवेशपरीक्षेचा अभ्यास असाच केलेला. चहा घेऊन आलेली आई दारातच थबकली. जवळ येऊन “आता दोन्ही कानांनी ऐक, बाळा,” म्हणत तिने हेडफोन त्या कानावर सरकवला. सरांचा आवाज एकदम स्पष्ट आला, आणि त्यातलं अक्षरही तिला कळेना.