बाळाच्या पोटातला धागा

“मेण वितळतं, श्रद्धा कधी वितळत नाही!”

फादर इन्याझिओंनी मंगळवारच्या प्रवचनात हे ठासून सांगितलं, तेव्हा मोन्तेझारा गावचा तीनशे वर्षांचा बाळ येशू शेजारच्या खोलीच्या खिडकीत, ऑगस्टच्या उन्हात, वितळत होता.

त्याला तिथं आगातिनानेच ठेवलं होतं. काचेची पेटी पुसायची म्हणून बाळ बाहेर काढलं, तेवढ्यात घंटा झाली, आणि एकतीस वर्षांच्या सवयीने ती प्रवचनाला जाऊन बसली. परत येऊन बघते तर मखमली उशीवर मेणाचं थारोळं, आणि त्यातून दोन निळे काचेचे डोळे तिच्याकडे टक लावून बघत होते.

बाळ वीतभरच, पण नाताळला अख्खं गाव रांग लावून त्याच्या पावलांचा मुका घ्यायचं. बाळ हातात धरून उभं राहण्याचा मान आगातिनाचा. त्याआधी तिच्या आईचा. तिच्याकडून तो गेला तर नणंदेकडे, पिप्पिनाकडे जाणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पिप्पिना वीस वर्षं त्यासाठी देवाजवळ प्रार्थना करत होती. आगातिनाच्या तब्येतीचा तिला भारी घोर.

त्यात शुक्रवारी बिशपांच्या संग्रहालयातून एक तज्ज्ञ बाई बाळ तपासायला यायच्या होत्या.

आगातिनाने रिकाम्या पेटीवर चादर टाकली. “पॉलिशचा वास जाईपर्यंत उघडू नका हं, फादर,” असं बजावलं आणि थारोळं डोळ्यांसकट घरी आणलं.

घरी ती साबण करायची. दोन वर्षांपूर्वी बाळ धुवायला म्हणून घरी आणलेलं असताना तिने गुपचूप त्याचा सिलिकॉनचा साचा काढून घेतला होता. बारशाला वाटायला बाळाच्या आकाराचे लॅव्हेंडरचे साबण करायचे, अशी मोठी अक्कल तिने लढवली होती. पण साबण कोणी घेईना. “प्रभूला काखेत फिरवू कसा गं?” असं एकीने विचारलं. चाळीस बाळं अजून कपाटात ओळीने निजलेली होती.

तोच साचा तिने खाली काढला. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून त्यात मेण वितळवलं आणि फडक्यातून गाळलं. फडक्यात काहीतरी राहिलं. बोटभर लांबीचा पिळदार सुती धागा, एका टोकाला काळा पडलेला.

आगातिनाच्या अंगावर काटा आला. तीनशे वर्षं बाळाच्या पोटात दडलेला धागा! हा बेथलेहेमच्या दुपट्याचा नाही तर कशाचा? तिने तो डोळ्यांना लावला, चांदीच्या डबीत ठेवला आणि डबी झग्याच्या आत, छातीशी.

मग साच्यात डोळे बसवले, त्याला रबरं लावली, मेण ओतलं. दोन वेळा बाळ बुडबुड्यांनी देवी आल्यासारखं निघालं. तिसऱ्यांदा जमलं. गरम सुरीने जोडाची रेघ घासून ती गालांना स्वतःची लिपस्टिक लावत होती, तेवढ्यात दारातून आवाज आला.

“वहिनी, तीन दिवस खिडक्या बंद! कुणी मेलं की काय?”

“तशी काही आशा ठेवू नकोस, पिप्पिना. साबण करतेय.”

“आणखी? आधीच्यांनी कुणी आंघोळ केली?”

“तू सुरुवात कर ना. तुला गरज आहे.”

पिप्पिना फणकाऱ्याने निघून गेली.

शुक्रवारी तज्ज्ञ बाईंनी पांढरे हातमोजे चढवले, बाळाला भिंगाखाली धरलं. कोपऱ्यात आगातिना डबी घट्ट धरून उभी. फादर छताकडे बघत होते. शेजारच्या खोलीतला नळ ठिबकत होता. तीन वर्षांपूर्वी तोच बुजवायचा म्हणून फादर तिच्याकडून साच्यांच्या सिलिकॉनचा अख्खा डबा घेऊन गेले होते. नळ काही थांबला नव्हता.

बाईंनी बाळाचा वास घेतला.

“लॅव्हेंडर?”

आगातिना दाराकडे सरकली.

“अप्रतिम!” बाई म्हणाल्या. “किडीपासून जपायला जुने मेणकार हेच घालायचे. आता कुणाला जमतं? सतराव्या शतकाची अखेर, मी लिहून देते. नाताळात हे बाळ आमच्या प्रदर्शनात हवं.”

कागदावर शिक्का बसला. बाई जेवायला गेल्या.

आगातिना मटकन बाकावर बसली. बाळ वाचलं होतं, पण नाताळला जाणार होतं. म्हणजे यंदा हातात काय धरायचं? आणि छातीशी तो धागा. खरा, पवित्र धागा. आता मात्र तिला राहवेना.

“फादर, मला पाप कबूल करायचंय.”

“ते सावकाश,” फादर म्हणाले. त्यांनी दार लावून घेतलं, कपाट उघडलं आणि विझलेल्या मेणबत्त्यांच्या थोटकांनी भरलेला पत्र्याचा डबा तिच्यापुढे ठेवला. “नाताळला गावाला बाळ तर लागेलच. तुझा साचा दे जरा, माझा फाटलाय. आणि येताना ते गाळायचं फडकंही आण, बाई. मागच्या खेपेला माझ्या हातून एक वात आत राहून गेली होती.”